सनदी शाळा : एका लेखी वचनाचा अभ्यास

न्यासाच्या महोत्सवी वर्षात "आता आपली एक शाळा असावी" अशी इच्छा सभासदांच्या तोंडी येणे साहजिक आहे. सभेत ती बोलून दाखवली जाते, घरोघरच्या बैठकीतही ऐकू येते. त्या शाळेत गणित व विज्ञान पक्के व्हावे, मुलांच्या तोंडी मराठी टिकावी, इंग्रजी नीट यावी, गुजराती-हिंदीत ती मागे पडू नयेत, आणि हे सारे सामान्य कुटुंबास परवडावे, अशी त्या इच्छेची साधारण रूपरेषा असते. इच्छा उत्तमच आहे. परंतु शाळा काढणे म्हणजे नेमके काय पत्करणे, ह्याचा विचार देणग्यांची यादी सुरू होण्यापूर्वी झालेला बरा. त्या विचारास उपयोगी पडेल असा एक प्रयोग अमेरिकेत गेली तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तेथे त्यास 'चार्टर स्कूल' असे म्हणतात. ह्या लेखात आम्ही त्यास 'सनदी शाळा' म्हणू, कारण चार्टर ह्या शब्दास आपल्याकडील 'सनद' हा जुना शब्द चपखल बसतो.

अमेरिकेतील एखादी गोष्ट पाहून, पारखून घेणे बडोद्यास नवे नाही. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्याच महाराजांनी अमेरिकेतील मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यात आणून येथील ग्रंथालयांची व्यवस्था लावून घेतली. मात्र महाराजांनी पाहिले ते नीट पाहिले. केवळ इमारतीची नक्कल केली नाही. आपणही सनदी शाळा तशीच पाहावी, असा आमचा हेतू आहे.

कल्पनेचा उगम

ह्या कल्पनेचे जनक म्हणून रे बड ह्या मॅसॅच्युसेट्समधील प्राध्यापकांचे नाव घेतले जाते. शिक्षकांच्या एखाद्या गटास ठराविक मुदतीची सनद द्यावी, त्या मुदतीत त्यांना आपल्या पद्धतीने शिकवू द्यावे आणि मुदत संपताच कामाची तपासणी करावी, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यांचे ह्या विषयावरील पुस्तक १९८८ मध्ये निघाले. त्याच वर्षी शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर ह्यांनी वॉशिंग्टन येथील भाषणात तशाच कल्पनेचा पुरस्कार केला. शँकर हे पूर्वाश्रमीचे गणिताचे शिक्षक. शिक्षकांनाच मोकळीक मिळावी, ही त्यांची तळमळ होती. पुढे खाजगी कंपन्या ह्या क्षेत्रात शिरू लागल्या, तेव्हा तेच शँकर तिचे टीकाकार झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. त्यात आरंभी अवघ्या आठ शाळांस परवानगी होती. पहिली शाळा 'सिटी अॅकॅडमी' ही सेंट पॉल शहरात १९९२ मध्ये उघडली, आणि ती मध्येच शिक्षण सोडलेल्या मुलांसाठी होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला. पुढे चाळीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. २०२१ च्या सुमारास अशा शाळांची संख्या सुमारे ७,८०० आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३७ लाख होती. म्हणजे अमेरिकेतील सरकारी खर्चाने शिकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे सात मुले सनदी शाळेत होती.

शाळा चालते कशी

सनदी शाळा ही सार्वजनिक शाळा असते. तिला फी घेता येत नाही. तिचा खर्च सरकार देते, आणि तो मुलांच्या संख्येप्रमाणे देते. कारभार मात्र सरकारी खात्याकडे नसून एका स्वतंत्र नियामक मंडळाकडे असतो. शिक्षक कोण नेमावे, वेळापत्रक कसे आखावे, कोणत्या विषयावर भर द्यावा, हे ते मंडळ ठरवते. ह्या मोकळिकीच्या बदल्यात मंडळ लेखी वचन देते. हे वचन म्हणजेच सनद. सनद देणारी संस्था कोठे जिल्ह्याचे शिक्षण मंडळ असते, कोठे राज्याचे मंडळ, तर कोठे विद्यापीठ. तिची मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. काही राज्यांत ती अधिकही आहे. मुदत संपली की हिशेब मागितला जातो. वचन पाळले नसेल तर सनद पुढे चालू राहत नाही आणि शाळा बंद होते.

आपल्या वाचकांस अनुदानित शाळा, म्हणजे येथील बोलीत 'ग्रँटेड' शाळा, परिचयाची आहे. शाळा संस्थेने चालवावी आणि सरकारने तपासणी करून खर्चास हातभार लावावा, ही पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रुजली. तेव्हा 'चालक संस्था, पैसा सरकारी' एवढ्यापुरते पाहिले तर अमेरिकेने काही अपूर्व केले असे नाही. नवे आहे ते मुदतीचे कलम. आपल्याकडे एकदा मान्यता आणि अनुदान मिळाले की शाळा सहसा चालूच राहते. तेथे दर काही वर्षांनी शाळेस आपले अस्तित्व पुन्हा सिद्ध करावे लागते.

सनदेत काय लिहावे लागते

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सनदेच्या अर्जात काय काय असावे ह्याची यादीच दिली आहे. शिकवण्याची योजना, मुलांस काय काय येऊ लागेल, तेही मोजता येईल अशा शब्दांत, ते मोजण्याची रीत, कारभाराची रचना व त्यात पालकांचा सहभाग, शिक्षकांची पात्रता, मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था, प्रवेशाचे नियम, वार्षिक हिशेबतपासणी, मुलास शाळेतून काढण्याची वेळ आली तर त्याची रीत. ह्या यादीत आणखी एक कलम आहे, आणि ते वाचून आम्ही काही वेळ थबकलो. शाळा बंद पडली तर ती कशी बंद करायची, मुलांचे दाखले व गुणपत्रके कोणाकडे सोपवायची, उरलेल्या मालमत्तेचे व देण्याचे काय करायचे, हेही शाळा जन्मास येण्यापूर्वीच लिहून द्यावे लागते.

शुभकार्याच्या आरंभी असे बोलणे आपल्याकडे अशुभ मानतील. आम्हांस मात्र त्यात मोठा शहाणपणा दिसतो. शाळा अर्ध्यावर बंद पडते तेव्हा विश्वस्तांचे फार तर नाव जाते. सातवीतल्या मुलीचे वर्ष जाते. तिची सोय आधी लिहून ठेवणे हाच खरा शुभारंभ होय.

आता 'मोजता येईल अशा शब्दांत' म्हणजे काय, ते उदाहरणाने पाहू. "आमच्या शाळेत गणित उत्तम शिकवले जाईल" हे वाक्य आहे, वचन नव्हे. ते पाळले की मोडले हे कोणासच सांगता येणार नाही. "पाचवीच्या अखेरीस प्रत्येक मुलास अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करता येईल, आणि त्याने ती का तशी केली हे त्यास आपल्या शब्दांत सांगता येईल" हे वचन झाले. विज्ञानाचे वचन असे असू शकेल : "सहावीतील प्रत्येक मूल वर्षात अमुक इतके प्रयोग स्वतःच्या हातांनी करील आणि त्यांची नोंदवही ठेवील." 'प्रयोगशाळा असेल' एवढ्याने भागत नाही, कुलूपबंद कपाटात परीक्षानळ्या असलेल्या प्रयोगशाळा आम्ही शिक्षकांनी पुष्कळ पाहिल्या आहेत.

तीन विषयांवर उभ्या असलेल्या तीन शाळा

अॅरिझोना राज्यातील टूसॉन येथे १९९८ मध्ये 'बेसिस' ही सनदी शाळा निघाली. मायकेल व ओल्गा ब्लॉक हे अर्थशास्त्राचे अभ्यासक पती-पत्नी तिचे संस्थापक. माध्यमिक वर्गांच्या आरंभापासूनच पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे तीन स्वतंत्र विषय म्हणून शिकवायचे आणि बीजगणितास लवकर हात घालायचा, हे तिचे धोरण. पुढे त्या नावाच्या अनेक शाळा झाल्या आणि परीक्षांच्या निकालांत त्या वरच्या क्रमांकावर झळकल्या. परंतु ह्या शाळांवर एक टीका वारंवार होते : खालच्या वर्गात जितकी मुले येतात तितकी वरच्या वर्गापर्यंत टिकत नाहीत. ज्यांना झेपत नाही ती सोडून जातात आणि निकाल उरलेल्यांचा लागतो. कोणत्याही शाळेचा निकाल ऐकताना आपणही हा प्रश्न विचारावा : किती आली होती, आणि किती राहिली?

दुसरी शाळा कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील 'हाय टेक हाय'. ती २००० मध्ये नौदलाच्या जुन्या प्रशिक्षण तळावरील इमारतीत सुरू झाली. येथे विषय प्रकल्पांतून शिकवतात : मुले काही तरी रचतात, मोजतात, लिहितात आणि गावातील लोकांसमोर मांडतात. सर्व थरांतील मुले यावीत म्हणून येथे प्रवेशाच्या चिठ्ठ्या टपाल विभागांप्रमाणे काढतात. पुढे ह्या शाळेने आपले शिक्षक स्वतःच तयार करण्याची राज्याची मान्यताही मिळवली. गणित-विज्ञानाचे चांगले शिक्षक जाहिरात देऊन मिळत नाहीत, ते घडवावे लागतात, हे तिने वेळीच ओळखले.

तिसरी शाळा वॉशिंग्टन शहरातील 'यू यिंग'. ही २००८ मध्ये उघडली. प्राथमिक वर्गांत मुले एक दिवस सारे चिनी भाषेत शिकतात आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत. भाषेची वेगळी तासिका ठेवण्याऐवजी भाषेतूनच गणित आणि परिसर शिकवायचा, असा तिचा प्रकार आहे.

ही तिसरी गोष्ट आपणांस विशेष जवळची आहे. बडोद्यातील मराठी मूल घरात मराठी बोलते, रस्त्यावर गुजराती, चित्रपटातून हिंदी उचलते आणि वहीत इंग्रजी लिहिते. आमच्यासारख्या मुसलमान घरांत त्यात उर्दूची भर पडते. ह्या चार-पाच भाषांना आपण ओझे मानतो. वास्तविक ते भांडवल आहे, पण गणिताच्या शिक्षकाने त्याचा हिशेब ठेवला पाहिजे. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. लहान मूल ऐकून लिहिताना २५ च्या जागी ५२ लिहिते ते पुष्कळदा ह्यामुळे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा केवढा वाद झाला ते वाचकांस स्मरत असेल. त्या वादात कोणाची बाजू खरी ह्यात आम्ही शिरत नाही. भाषा व गणित ही दोन वेगळी खाती नाहीत, एवढे त्यातून घ्यावे. ज्या पिढीने पावकी, निमकी, दीडकी मराठीत पाठ केली तिला अपूर्णांकाची भीती कमी वाटत असे, हे आपल्या घरातील वडीलधारी माणसे सांगतीलच.

चिठ्ठीचा न्याय

जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सनदी शाळेने सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढाव्यात, असा सर्वसाधारण नियम आहे. हुशार मुले निवडून घेता येत नाहीत. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाचणी घेण्यास बंदी केली आहे, आणि त्याच कायद्याखालील राखीव जागांसाठी चिठ्ठी काढली जाते. तेव्हा ही पद्धत आपणांस परकी नाही.

चिठ्ठीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो गणिताच्या शिक्षकास आनंद देणारा आहे. एखाद्या शाळेची मुले पुढे गेली तर ती शाळेमुळे गेली, की त्यांचे आईबाप जागरूक होते म्हणून गेली, हे एरवी सांगणे कठीण. परंतु चिठ्ठी निघालेले व न निघालेले, दोघांच्याही आईबापांनी अर्ज केलेला असतो. फरक फक्त नशिबाचा. त्या दोन गटांची पुढील प्रगती ताडून पाहिली की शाळेचा स्वतःचा वाटा दिसतो. बॉस्टनमधील सनदी शाळांचा असा अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात चिठ्ठी निघालेल्या मुलांची गणितातील प्रगती स्पष्टपणे अधिक आढळली. त्या अभ्यासातील एक संशोधक जोशुआ अँग्रिस्ट ह्यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो कार्यकारणभाव शोधण्याच्या पद्धतींबद्दल. मर्यादा इतकीच की चिठ्ठी त्याच शाळांत निघते ज्यांना मागणी असते. त्यामुळे हा निष्कर्ष प्रत्येक सनदी शाळेस लावता येत नाही.

निकाल काय सांगतात

साऱ्या शाळा एकत्र घेतल्या तर चित्र संमिश्र आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २००९ मध्ये सोळा ठिकाणची पाहणी केली. गणितात १७ टक्के सनदी शाळा शेजारच्या सरकारी शाळांहून सरस, ३७ टक्के त्यांच्याहून कमी, आणि उरलेल्या ४६ टक्क्यांत काही फरक नाही, असे आढळले. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात स्थिती सुधारलेली दिसते : सनदी शाळेतील मूल वर्षाकाठी वाचनात सरासरी १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे. ही प्रगती खरी, पण गणितातले सहा दिवस म्हणजे एका शालेय आठवड्याहून किंचित अधिक. घरबसल्या संगणकावरून चालणाऱ्या सनदी शाळांची २०१५ ची पाहणी तर फार निराशाजनक होती. तेथील मुले गणितात जवळजवळ वर्षभराने मागे आढळली.

ह्यावरून निघणारा बोध साधा आहे. सनद शाळेस मोकळीक देते, गुणवत्ता देत नाही. त्या मोकळिकीत वर्गावर कोण उभे राहते, ह्यावर सारे ठरते.

धर्म आणि सार्वजनिक शाळा

हा भाग आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण शाळा काढणाऱ्या प्रत्येक समाजासमोर तो उभा राहतो. मिनेसोटात २००३ मध्ये 'तारिक इब्न झियाद अॅकॅडमी' ही सनदी शाळा निघाली. तेथे अरबी भाषा शिकवत आणि बहुतेक मुले मुसलमान होती. सरकारी पैशाने धर्माचा पुरस्कार होतो, अशा आक्षेपावरून नागरी स्वातंत्र्याच्या एका संघटनेने २००९ मध्ये दावा लावला. पुढे सनद देणारी संस्था राज्यातीलच हवी असा नियम झाला. शाळेस नवी संस्था मिळाली नाही आणि २०११ मध्ये ती बंद पडली. फ्लोरिडात २००७ मध्ये 'बेन गम्ला' ही हिब्रू शिकवणारी सनदी शाळा निघाली, तेव्हा पाठांत धर्म शिरतो काय हे तपासून होईपर्यंत हिब्रूचे वर्ग काही आठवडे थांबवण्यात आले. तपासणीनंतर ते पुन्हा सुरू झाले. ओक्लाहोमात उघडपणे कॅथलिक असलेल्या सनदी शाळेस मंजुरी मिळाली होती. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. २०२५ मध्ये राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली आणि राज्याचा निकाल कायम राहिला.

मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती : तिघांसमोर प्रश्न एकच आला. भाषा ही समाजाची ठेव आहे; ती सार्वजनिक शाळेत शिकवावी. उपासना ही घराची व प्रार्थनास्थळाची बाब आहे. आम्ही स्वतः नमाज घरी व मशिदीत पढतो आणि वर्गात भूमिती शिकवतो. दोन्हींपैकी कशासही त्यामुळे उणेपणा आलेला नाही. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांस आपल्या शाळा काढण्याचा हक्क दिला आहे, आणि गुजरातेत मराठी भाषिक हे भाषिक अल्पसंख्याकच होत. हक्क मोठा आहे. तो कसा वापरावा, हा विवेक आपला. मराठीची शाळा निघाली तर तिच्या दारात मराठी बोलणारे प्रत्येक मूल, आणि मराठी शिकू इच्छिणारे शेजारचे गुजराती मूलही, सारख्याच हक्काने यावे.

आपण काय घ्यावे

आपल्या देशात सनदी शाळेचा कायदा नाही, आणि तो व्हावा असा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु स्वतःस सनद लिहून देण्यास कोणत्याही न्यासास कायद्याची गरज नाही. शाळा निघायचीच असेल तर विश्वस्तांनी आधी पाच-सहा पानांचा कागद लिहावा. कोणत्या इयत्तेच्या अखेरीस मुलास काय येईल. ते कोण मोजील, आणि मोजणारा संस्थेबाहेरचा असेल काय. पाच वर्षांनी ते आले नाही तर आपण काय करू. शाळा थांबली तर मुले कोठे जातील. हा कागद सर्व पालकांस वाचून दाखवावा आणि दर वर्षी सभेत पुन्हा वाचावा.

दुसरी गोष्ट, लहान आरंभ करावा. अमेरिकेतील कित्येक सनदी शाळा एका-दोन वर्गांनी सुरू होऊन दर वर्षी एकेक इयत्ता वाढवतात. तेथे इमारतीसाठी सरकारी पैसा बहुधा पुरेसा मिळत नाही, म्हणून पहिली वर्षे भाड्याच्या जागेत जातात. त्यामुळे त्यांचे नुकसान होतेच असे नाही. आपल्याकडे मात्र आधी कोनशिला, मग इमारत आणि शेवटी शिक्षकांचा शोध, असा उलटा क्रम दिसतो. शिक्षण हक्क कायद्यानेच सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा ह्यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा असे म्हटले आहे. हे तीन शिक्षक आधी शोधावेत, त्यांना वेळेवर व पुरता पगार देण्याची पाच वर्षांची तरतूद करावी, आणि मगच विटांचा भाव विचारावा.

तिसरी गोष्ट, शाळा काढणे जमणार नसेल तर त्यात कमीपणा नाही. न्यासाच्या सभागृहात आठवड्यातून चार संध्याकाळी गणित, विज्ञान व मराठी ह्यांचा मोफत वर्ग चालवावा, आणि त्यालाही अशीच एका पानाची सनद लिहावी. लेखी वचन देऊन चालवलेला असा वर्ग, वचनाविना चालणाऱ्या मोठ्या शाळेपेक्षा मुलांच्या अधिक उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.

सभेत विचारार्थ प्रश्न

१. आपल्या शाळेतील दहा वर्षांच्या मुलास गणितात नेमके काय यावे? ते एका वाक्यात, मोजता येईल असे लिहा.

२. मराठी ही शाळेत केवळ विषय असावी, की तिच्यातून दुसरे विषयही शिकवावेत? कोणत्या इयत्तेपर्यंत?

३. ज्या मुलास अभ्यास झेपत नाही त्याच्यासाठी शाळा काय करील? तो सोडून गेला तर ती त्याची हार मानावी की शाळेची?

४. पाच वर्षांनी वचन पुरे झाले नाही, तर ते सभेपुढे उभे राहून सांगण्यास आपल्यापैकी कोण तयार आहे?